लालाखालचा निळा

एर्ची लामंडनं ग्लासगोच्या इंजिनशेडमध्ये एकतीस वर्षं पाट्या रंगवल्या. वाफेच्या इंजिनांच्या नावाच्या पाट्या हो! उठावाची पितळी अक्षरं घासून लख्ख करायची आणि मधली जमीन निळी भरायची. तो निळा एर्ची स्वतः घोटायचा. त्यात काजळी किती, हे त्यानं बायकोला, नेटालाही कधी सांगितलं नाही. दक्षिणेकडच्या, इंग्लंडातल्या इंजिनांच्या पाट्या लाल नाहीतर काळ्या. निळी दिसली की स्कॉटलंडातलं शेंबडं पोरही ओरडायचं, "आपलं इंजिन!"

मग लंडनहून हुकूम आला, सगळ्या पाट्या लाल करा. बाकीच्यांनी निमूट निळा खरवडला. एर्चीनं 'ग्लेन कार्नी' नावाच्या इंजिनाच्या पाटीवर निळ्यावरूनच लाल फासला.

"काय रे, खरवडायचा कंटाळा आला होय?" कोळसेवाल्या टॅमनं डिवचलं.

"लंडनवाल्यांना वरचं दिसलं की पुरे. खालचा माझा आहे."

चार वर्षं ते इंजिन समोरून गेलं की हा गालातल्या गालात हसायचा.

पुढं डिझेल आलं. 'ग्लेन कार्नी' भंगारात निघालं आणि त्याच आठवड्यात एर्ची निवृत्त झाला. मुकादम गिलफिलनला तो म्हणाला, "साहेब, निरोपाचं घड्याळबिड्याळ नको. 'ग्लेन कार्नी'ची पाटी तेवढी मिळवून द्या."

मुकादम भला माणूस. दहा ठिकाणी अर्ज करून त्यानं पाटी मिळवली. निरोपाच्या चहाला फडकं ओढलं, तर पाटी लालभडक, आरशासारखी!

"तुझ्यासाठी नवीकोरी करून घेतली, एर्ची!"

टाळ्या पडल्या. एर्चीनं आभार मानले.

घरी आल्याबरोबर त्यानं जुनं पातं काढलं.

"अरे, नवा रंग खरवडतोस?" नेटा म्हणाली.

"खाली माझा आहे."

लाल सोलून निघाला. खाली उघडं पितळ. दुसरा कोपरा खरवडला, पितळ. तिसरा, पितळ. मुकादमानं प्रेमानं, भट्टीचा जाळ लावून, पाटी तळापासून साफ करून घेतली होती.

"मग घोट की पुन्हा निळा," नेटा हळूच म्हणाली.

"भिंतीवर टांगायला? तो इंजिनावरचा होता."

रविवारी गिलफिलन सहज डोकावला. पाटी बघून हळहळला. "पोरांनी रंग नीट बसवला नाही वाटतं! दे इकडे, पुन्हा लाल करून आणतो."

एर्चीनं पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून त्याच्या हातात दिली. मुकादमानं दोनदा निरोप पाठवला, पाटी तयार आहे म्हणून. एर्ची ती आणायला गेला नाही.