मडीचं लुगडं

बाळ आईकडे आलं की रडायचं. बरं, नेमकं आईकडेच. चंद्रव्वानं उचललं की अंग ताठ, मुठी आवळलेल्या, तोंड लालबुंद. तेच सासूनं, गौरम्मानं, ओढून खांद्यावर टाकलं की दोन हुंदके देऊन गप्प.

"माझ्याकडं कसं ऱ्हातंय बग," गौरम्मा म्हणायची. बोलणं साधंच, पण चंद्रव्वाच्या काळजात काटा रुतायचा.

सोलापुरातल्या त्या गल्लीत घरोघर बायका विड्या वळायच्या. दुष्काळात गिरणीतल्या पाळ्या कमी झाल्या, नवरा शिवशरण कधी कामावर तर कधी घरी. चंद्रव्वाच्या सुपावरच चूल पेटत होती. मांडीवर सूप, सुपात कातरलेली पानं आणि तंबाखू. बाळ रडलं की सूप बाजूला सारायचं, हात पदराला पुसायचे आणि त्याच पदराखाली त्याला घ्यायचं. पण ते छातीला तोंड लावायच्या आधीच मान फिरवायचं, शिंकायचं आणि टाहो फोडायचं.

मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. वेखंड उगाळून चाटवलं. सिद्धेश्वराच्या देवळातली विभूती आणून कपाळाला लावली. काही उतार पडेना. पोर दिवसेंदिवस सुकत चाललं, मांड्यांना सुरकुत्या पडल्या. माझंच दूध नासलं असेल का, चंद्रव्वा मनात म्हणायची. शिवा, कुणाचं लेकरू रडवलं होतं मी?

शेवटी गौरम्मानं ठरवलं. तिची लेक सोजरबाई कुंभारी गावाला दिलेली, तिचंही मूल अंगावर पीत होतं. "सोजरा पाजंल. पोरगं वाचंल तरी. सोमवारची पूजा झाली की मी घिऊन जाते."

"किती दिवस, अत्याबाई?"

"ते मला काय इचारतीस? पोराला इचार."

सोमवारी सकाळी गौरम्मानं लंगोट, झबली आणि काजळाची डबी यांचं गाठोडं दाराशी बांधून ठेवलं. मग ती टांगा बघायला कोपऱ्यापर्यंत गेली. चंद्रव्वानं डोक्यावरून पाणी घेतलं आणि उंच काठीवर वाळत घातलेलं मडीचं, सोवळ्याचं लुगडं नेसली. हे लुगडं पूजेपुरतं. ते नेसून कुणाला शिवायचं नाही, लेकराला तर नाहीच. लेकराचं काय, कधी ओलं करील सांगता येतं? सासूचा हा नेम तिनं लग्नापासून एकदाही मोडला नव्हता. रोजचं लुगडं खुंटीवर राहिलं. तिच्याकडे लुगडी एवढी दोनच.

गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेलाचं पान उचललं. तेवढ्यात पाळण्यात बाळ उठलं.

आधी कुरकुर. मग रडं. मग नुसता श्वास कोंडल्याचा आवाज.

चंद्रव्वा डोळे मिटून नाव घेत राहिली. पण बेलाचं पान हातातून निसटलं. टांगा आला म्हणजे हे पोर जाणार, आणि मी इथे सोवळी बसून राहणार? तिनं लिंग परत गळ्यात घातलं, उठली आणि बाळाला उचललं. आता रडणं वाढेल म्हणून अंग चोरून उभी राहिली.

बाळ गप्प झालं.

नाक तिच्या छातीशी घुसळलं आणि पिऊ लागलं. घटाघटा. चंद्रव्वा भिंतीला टेकून खाली बसली. ती हलायलासुद्धा भीत होती.

"आगं, मडी!" दारातून गौरम्मा ओरडली. "पूजा टाकून पोरगं घेतलंस?"

"चुकलं, अत्याबाई. रडत हुतं."

घाबरून तिनं बाळ सासूकडे दिलं आणि घाईघाईनं खुंटीवरचं रोजचं लुगडं नेसून आली. निरोपाचं म्हणून पुन्हा घेतलं. झालं! बाळानं मान फिरवली, शिंक दिली आणि भोकाड पसरलं.

गौरम्माची नजर सुनेच्या बदललेल्या लुगड्यावर गेली.

गौरम्मानं सुनेचा पदर हातात धरला, नाकाला लावला, आणि तिलाही दणकून शिंक आली. एक झाली, दुसरी झाली.

"तंबाखूच्या गोणीत पोरगं गुंडाळतीस की गं तू!"

"मला वास येत न्हाय, अत्याबाई. लहानपणापास्नं ह्यातच हाय."

"मलाबी कुटं आला?" म्हातारी दातांवरची तंबाखूची मिश्री जिभेनं चाचपत पुटपुटली.

बाहेर टांगेवाला हाका मारायला लागला. "अहो आजी, येताय का जाऊ?"

"जा बाबा! कुणीबी येत न्हाय!"

चंद्रव्वाला एकदम धसका बसला. "पण माझी मडी मोडली. देवाचा कोप..."

गौरम्मानं बाळाचा इवलासा दंड वर केला. जन्मल्यावर स्वामींनी बांधलेलं लिंग कापडाच्या घडीत तिथं होतं. "ह्ये काय हाय? लिंगाला लिंग शिवलं. मडी कशानं मोडतीय? जा, राखंनं हात घास. मनगटापतुर घास. आनि मडीचंच नेस. विड्या ह्या लुगड्यावर, लेकरू त्या लुगड्यावर."

"आनि पूजेला?"

"पूजेला माझं घे."

चंद्रव्वानं हात घासले. हुंगले. परत घासले. सासूचं लुगडं नेसून पूजा पुरी केली, मग मडीचं नेसून बाळाला पाजलं, तोवर ऊन अंगणात उतरलं होतं आणि बाळ तिच्या मांडीवर झोपलेलं होतं. तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. मधूनच वाकून ती त्याचा श्वास बघत होती, मग आपली बोटं नाकाशी नेत होती.

दाराशी गौरम्मा गाठोड्याची गाठ दातांनी सोडवत बसली होती. फारच घट्ट बांधली होती तिनं.