चोरकप्प्याचा व्हिडिओ

माझे बाबा लोखंडी आलमाऱ्या बनवतात. सक्करदऱ्यात तलावाच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे कारखाना, वर घर. पत्रा ठोकण्याच्या आवाजात मी लहानाची मोठी झाले. रविवारी तो आवाज बंद असला की अजूनही माझी झोप मोडते. बाबांच्या आलमारीचा रंग कुठलाही असो, दाराला आरसा असो की नसो, एक गोष्ट तिच्यात हमखास असते, ती म्हणजे चोरकप्पा. आतल्या लॉकरच्या आसपास कुठेतरी वीतभर जागा, जी पाहून दिसत नाही आणि ठोकून कळत नाही. तिचा खटका कुठे आहे हे बाबा फक्त एका माणसाला सांगतात. ज्या बाईसाठी आलमारी घेतली असेल, तिला.

हा कार्यक्रम मी लहानपणी खूपदा पाहिला आहे, पण दाराबाहेरून. आलमारी जागेवर बसली की बाबा सगळ्यांना खोलीतून बाहेर काढत. नवरा, सासू, दीर, शेंबडी मी, सगळे बाहेर. "दोन मिनिटं थांबा जी," एवढंच म्हणत. एकदा एक नवरदेव अडून बसला. आलमारी मी घेतली, मग मलेच काहून नाही दाखवत, म्हणून. बाबा शांतपणे म्हणाले, "भाऊ, कुलूप बाहेरच्या चोरासाठी, त्याची किल्ली तुमच्यापाशी. चोरकप्पा घरच्यांपासून असते." नवरदेव दोन मिनिटं ओसरीवर जाऊन उभा राहिला.

आईच्या आलमारीतला चोरकप्पाही बाबांनीच बनवलेला. पण तो त्यांनी आजवर उघडून पाहिलेला नाही, यावर आईचा विश्वास आहे आणि माझाही. आमच्या दुकानाची सगळी पत याच एका गोष्टीवर उभी होती. पत्रा काय, सगळ्याच दुकानांत सारखाच येतो.

मी इंटिरियर डिझाइन शिकले आणि सदरमधल्या एका ऑफिसात चार वर्षं लोकांच्या बेडरूमची चित्रं काढली. ते ऑफिस बंद पडलं तेव्हा मी दुकानात येऊन बसले. आले ती सुधारणा करण्याच्या इराद्यानेच. बाबा आलमारीचं माप फरशीवर खडूने काढायचे. मी ते कॉम्प्युटरवर आणलं. पहिल्यांदा त्यांनी नाक मुरडलं. मग पडद्यावर आलमारी गोल फिरते हे पाहिल्यावर स्टूल ओढून माझ्या बाजूला बसू लागले. "अजून एकदा फिरव," म्हणत. मागची बाजू आली की खूष होत. फक्त एक अट त्यांनी घातली: कॉम्प्युटरमध्ये चोरकप्पा काढायचा नाही. तिथे कोरी जागा ठेवायची.

बोटाच्या ठशाने उघडणारं कुलूप मी मोठ्या हौसेने मागवलं होतं. बाबांचा अंगठा त्यावर टेकवला, दार उघडलं आणि माझा फोन वाजला.

"हे काय वाजलं?"

"लॉकर उघडलं की फोनवर मेसेज येतो, बाबा. सिक्युरिटी आहे."

"कोणाच्या फोनवर येते?"

"ज्याने ॲप टाकलं असेल त्याच्या."

"म्हणजे नवऱ्याच्या," बाबा म्हणाले आणि अंगठा पँटीला पुसून कामाला लागले. मला तेव्हा त्यांचा रागच आला. जगाच्या दोन पावलं मागे चालण्याची या माणसाला भारी हौस, असं मी आईपाशी बडबडले. आईने भाजी निवडता निवडता "हो का" म्हटलं.

गिऱ्हाईक मात्र खरंच कमी होत चाललं होतं. लोक भिंतीएवढे प्लायचे वॉर्डरोब बनवून घेत होते. आमच्या गल्लीत आलमारीची दुकानं पाचाची दोन उरली. मला सारखं वाटायचं, आपल्याकडे एक गोष्ट अशी आहे जी दुसऱ्या कोणाकडे नाही, आणि नेमकी तीच आपण लपवून ठेवतो. बाबा दोन दिवस गावी लग्नाला गेले तेव्हा मी दुकानातली एक नवी आलमारी उघडली, फोन एका डब्याला टेकवला आणि चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काढला. माझा हात आत जातो, लॉकरच्या खालची पट्टी दाबतो, टक्, कप्पा बाहेर. वर लिहिलं, "नवऱ्यालाही सापडणार नाही!" मागे गाणं टाकलं आणि दिलं सोडून.

संध्याकाळपर्यंत व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. रायपूरहून, जबलपूरहून, अमरावतीहून लोक विचारू लागले. माझी छाती फुगली. मी एकच आलमारी दाखवली असं धरून चालले होते. पण बाबांचा खटका एकच. गेली पंचवीस-तीस वर्षं त्यांनी बहुतेक सगळ्या आलमाऱ्यांत तोच बसवला आहे, पट्टी फक्त वीतभर इकडे नाहीतर तिकडे. मला हे माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं, कारखान्यात तो बसवताना लहानपणापासून पाहिलं होतं. मी विचार केला नाही, हे खरं.

बाबा परत आले त्या सकाळी त्यांचा फोन वाजला. ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे गल्लीलाही ऐकू जातो. पलीकडे महाल भागात राहणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्यांच्या नातवाने व्हिडिओ पाहिला, सगळ्यांना आलमारीपुढे जमवलं, पट्टी दाबली, आणि आजीच्या चोरकप्प्यातून निघाल्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याच्या पुड्या. जन्मभर शाळेतल्या पोरांना तंबाखूवर भाषण देणाऱ्या बाईंच्या चोरकप्प्यातून! मुलं, सुना, नातवंडं, सगळी पोट धरधरून हसली म्हणे.

मलाही हसू आवरेना. मी तोंडावर ओढणी धरून हसले.

"तुम्ही म्हटलं होतं, कोणाले कळणार नाही," बाई फोनवर म्हणत होत्या. आवाज मुख्याध्यापिकेचा राहिला नव्हता. "आता मी त्या खोलीत जात नाही, भाऊ. गेली की कोणी ना कोणी हसतेच."

बाबांनी फोन ठेवला. "हसू नोको," ते मला म्हणाले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. "खर्रा राहो नाहीतर हिरा राहो. एवढ्या मोठ्या घरात तिची तेवढीच जागा होती."

मग त्यांनी व्हिडिओ पाहिला. दोनदा पाहिला. मी घाईघाईने तो काढून टाकला, पण तोवर लोकांनी उतरवून घेतला होता, नात्यागोत्याच्या ग्रुपांवर फिरत होता. आमच्या मावशीने तर तो मलाच पाठवला, "छान आयडिया" लिहून. बाबा तीन दिवस जेवायला वर आले नाहीत, डबा खाली मागवला. रायपूरचे फोन वाजत राहिले, त्यांनी एकही उचलला नाही. "पहिले ज्यांले जबान दिली त्यांचं पाहू," म्हणाले. चौथ्या दिवशी त्यांनी हत्यारांची पिशवी भरली. ज्या ज्या बाईला त्यांनी खटका दाखवला होता, तिच्या तिच्या घरी जाऊन तो हलवून द्यायचा, फुकट. त्यातल्या किती बायका पुन्हा आपल्यावर विश्वास ठेवतील, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

कागदावर काही लिहिलेलं नव्हतं. सगळं बाबांच्या डोक्यात, तेही नावाने नाही, घराने. "पिठाच्या गिरणीवरचा जिना", "दोन जुळ्या पोरींची माय". दर रविवारी मी स्कूटर चालवायची, बाबा मागे पिशवी मांडीवर घेऊन. दारात ते हात जोडून एकच वाक्य म्हणत, "बाई, माह्याकडून चूक झाली." मी मागे उभी असायची आणि त्यांना तसं म्हणू द्यायची. याची आजही लाज वाटते.

मग सगळे बाहेर. मीसुद्धा. बाबांनी मला एकदाही आत बोलावलं नाही. मी घरच्या मंडळींसोबत ओसरीवर बसायची, तर्रीपोहे खायची, आतून ड्रिलचा आवाज ऐकायची. पुरुष हळूच विचारत, "आता कुठं बसवून राहिले?" मी म्हणायची, मला माहीत नाही. ते खरंच होतं, आणि मला ते फार लागायचं.

नंदनवन वस्तीतल्या एका बाईने सगळं सामान आधीच पिठाच्या डब्यात हलवलं होतं, आणि तीन दिवस पोळ्या सुनेला करू दिल्या नव्हत्या. दुसरीच्या नवऱ्याने व्हिडिओ स्वतः तिला दाखवला, भारी युक्ती आहे म्हणून कौतुक केलं. आपल्या घरच्या आलमारीतही असं असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. ती दारात बाबांना सोडायला आली तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. महालातल्या बाईंकडे बाबा सगळ्यात जास्त वेळ होते. बाहेर येताना त्यांच्या शर्टाला खर्ऱ्याचा वास येत होता. मी काही विचारलं नाही. पण जरीपटक्यात एकीने दार अर्धंच उघडलं. "राहू द्या. मी दुसरं कपाट घेतलं, नंबरवालं," म्हणाली आणि लावून घेतलं. बाबा जिना उतरून स्कूटरवर बसले आणि बराच वेळ "चल" म्हणाले नाहीत. मला त्यांच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. मी नुसतीच किल्ली हातात धरून उभी राहिले.

थंडी पडली तेव्हा आम्ही कन्हानला गेलो. तिथल्या आजींचे यजमान कोळसा खाणीत होते. ते गेले, आता त्या मुलाजवळ राहतात. आजी अंगणात बाजेवर उन्हात बसल्या होत्या. बाबांनी हात जोडले.

"बाई, माह्याकडून चूक झाली."

"खोटं कायले बोलता जी?" आजी म्हणाल्या. "बाजूच्या पोरीनं दाखवला मले तो व्हिडिओ. त्यातल्या हाताले तर नखपालिश होतं. लाल. तुम्ही लावता का?"

आजींचा मुलगा हसू दाबत आत गेला. मी माझी बोटं ओढणीत लपवली, आणि मग माझी मलाच चीड आली.

"मी केलं, आजी," मी म्हटलं. "बाबा गावी गेले होते. त्यांना न विचारता केलं."

आजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग दुरुस्त बी तूच कर ना वं. ह्या बिचाऱ्याले काहून घरोघरी फिरवून राहिली?" बाबांच्या हातातली पिशवी त्यांनी काठीने दाखवली. "द्या तिले. अन् तुम्ही बाहेर बसा. पोरा, ह्यांच्यासाठी चहा टाक."

बाबा काही बोलायला गेले, पण त्या बाईंपुढे बोलण्याची सोय नव्हती. त्यांनी पिशवी माझ्याकडे दिली. आजींनी खोलीत येऊन आतून कडी लावली.

इतर बायकांनी कप्पा आधीच रिकामा करून ठेवलेला असायचा; नसला तर आपण भिंतीकडे तोंड करतो, असं बाबा सांगत. आजींनी काही हलवलं नव्हतं. "काढ," म्हणाल्या. मी खटका दाबून बाबांसारखं भिंतीकडे तोंड केलं तर म्हणाल्या, "भिंतीवर काय लिहिलं हाये का? पाह्य इकडं." मी पाहिलं. त्यांनी आतली वस्तू माझ्या ओंजळीत दिली, आणि तिची गोष्ट सांगितली. ती मी इथे लिहिणार नाही.

मग मी आलमारीपुढे मांडी घालून बसले. कॉम्प्युटरवर मी शेकडो कपाटं गोल फिरवली होती, पण आजींचा हात कुठवर पोचतो, बोटं किती वळतात, हे मला तिथेच बसून पाहावं लागलं. त्यांच्या संधिवाताच्या बोटांना बाबांचा खटका दाबवतच नव्हता. कित्येक महिने त्यांनी तो उघडलाच नव्हता, आणि हे कोणाला सांगायचीही सोय नाही. मी वेगळी जागा शोधली. खटकाही वेगळा केला, बाबांचा नाही, माझा. दोनदा पत्रा चुकीचा कापला, एकदा बोट कापलं. शेवटी आजींनी स्वतः उघडला, लावला, पुन्हा उघडला. लहान पोरीसारख्या पाच-सहा वेळा तेच करत बसल्या.

बाहेर आले तर बाबा ओसरीवर रिकामा कप हातात धरून दाराकडे पाहत होते. इतके महिने मी जशी बसायची, अगदी तसेच.

कामठी मागे पडेपर्यंत त्यांनी दम धरला. मग मागून आवाज आला, "लॉकरच्या मागं बसवला असंन. पण तिथं तर हात जात नाही म्हातारीचा. खाली बसवला का?"

"नाही सांगत."

"खटका कोणता टाकला, तेवढं तरी."

"नाही, बाबा."

"मले बी नाही?"

"तुम्हाले बी नाही."

मला वाटलं, दुखावले. मी स्कूटर हळू केली. तेव्हा त्यांनी मांडीवरची पिशवी उचलून पुढे माझ्या पायांपाशी सरकवली.

"पुढच्या इतवारी," ते म्हणाले, "मी बाहेर बसतो."