कॅसरोलची टोपली

चिखलीतल्या आमच्या मुलीच्या शाळेत वाचनालयाला कपाटं हवी होती. मुख्याध्यापिकाबाईंनी ठरवलं की प्रत्येक वर्गाने एकेका विषयावर भेटवस्तूंची टोपली भरायची आणि वार्षिक मेळाव्यात तिचा लिलाव करायचा. चौथीच्या वर्गाला ‘स्वयंपाकघर’ हा विषय आला आणि जबाबदारी माझ्यावर.

मी बुरुडाकडून बांबूची मोठी टोपली आणली आणि ग्रुपवर लिहिलं, घरातली एखादी नवी, न वापरलेली वस्तू द्या. आठवड्याभरात नऊ वस्तू आल्या. नऊही कॅसरोल. तेच लाल झाकण, तीच सोनेरी कडा. वर्गातले बरेचसे वडील चाकणच्या एकाच कंपनीत होते आणि दिवाळीला कंपनीने सगळ्यांना तेच वाटलं होतं. परत करावा तर कुणाचा कोणता, हे मलाही सांगता येईना. शेवटी नऊच्या नऊ टोपलीत रचले आणि वरून कापड बांधलं.

लिलावात आमच्या टोपलीला पहिली बोली लावली ती एका आजोबांनी. नातू पहिलीत, घराणं गावातलं जुनं. मागे बसलेल्या एका वर्कशॉपवाल्या वडिलांना वाटलं, म्हातारा पुकारताक्षणी बोली लावतोय म्हणजे आत काहीतरी खास असणार. त्यांनी बोली वाढवली. आजोबांनी आणखी वाढवली. सात-आठ वेळा असं झालं. आत काय आहे हे मला माहीत होतं.

आजोबा जिंकले. सावकाश स्टेजवर आले, कापड सोडून एकेक कॅसरोल काढून टेबलावर मांडले आणि रिकामी टोपली काखेत मारली.

बाईंनी नम्रपणे विचारलं, “आजोबा, ही भांडी?”

“भांडी नगंत आमाला. कोंबड्या डालायला टोपलं पायजे व्हतं. असलं घट्ट इणलेलं आता मिळत न्हाई.”

त्यांनी पैसे मोजून दिले आणि ते निघून गेले.

मग कॅसरोलचा वेगळा लिलाव पुकारला गेला. पहिलाच उचलला तेव्हा दुसऱ्या रांगेतल्या एक ताई उठल्या. त्या जवळ आल्या, झाकण उलटं करून आत पाहिलं आणि नवऱ्याकडे वळल्या. गेले काही दिवस त्या हा कॅसरोल घरभर शोधत होत्या. झाकणाच्या आत त्यांनी मार्करने आपलं आडनाव लिहिलं होतं. नवऱ्याने मान खाली घालून बोली लावली. समोरून कुणीच बोली वाढवली नाही, तरी त्याने स्वतःच दोनदा वाढवली. ताईंच्या चेहऱ्याकडे पाहून वाढवत असावा.

ते पाहून इतर बायकाही आपापली झाकणं तपासायला पुढे आल्या; बहुतेकींनी आत नावं घातली होती, आणि झाकणं उघडून पाहायचं मला सुचलंच नव्हतं. अर्ध्या तासात आठ कॅसरोल ज्याच्या त्याच्या घरी परत विकले गेले. नववा कुणाचा ते कळलंच नाही; तो शिपाईमामांनी घेतला.

सगळ्यात जास्त रक्कम चौथीच्या टोपलीची झाली. बाईंनी माइकवरून पुढच्या वर्षीही मीच हे पाहावं असं जाहीर केलं. मी नाही म्हणायला उठले, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.