साडूंची अर्धवट रांगोळी

आमच्या थोरल्या साडूंइतका चारचौघांत लाज आणणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात नाही, असं मी महिन्याभरापूर्वीपर्यंत छातीठोकपणे सांगत असे. युसूफ वडगाव या गावच्या शाळेतून ते निवृत्त झाले, पण त्यांचं बीजगणित काही निवृत्त झालं नाही. त्यातही जीव एकाच आलेखावर: एक भागिले क्ष. लग्नाच्या पंगतीत ताटातल्या वरणात बोटानं उभी-आडवी रेघ मारणार आणि शेजारच्याला धरणार. "भाकर एक. खाणारा एक, तर वाटा एक. दोघं आले, अर्धी. चौघं, पाव. रेघ खाली खाली येती, पण जमिनीला टेकत न्हाई. तुकडा तर मिळतोयच की!" मग ऋण बाजूला तसाच दुसरा फाटा, उलटा. शेजारच्यानं चुकून विचारावं, "आन् सर, खाणारा कुणीच नसला तर?" की साडू कडाडले, "शून्यानं भागतो का बे? शून्याजवळ रेघ आभाळात चढती, पण शून्यावर किंमतच न्हाई. तिथं रेघ न्यायची न्हाई!" तोवर वरण गार, आणि मी तोंड लपवत दुसऱ्या पंगतीत.

गेल्या महिन्यात माझ्या मुलीला पाहायला नांदूरघाटचे पाहुणे यायचे होते. तिनं हट्टानं या लाडक्या काकांकडून दारात रांगोळी काढून घेतली. दोन रेघांची फुली, समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन कमानी, मधे सगळं मोकळं. मला घामच फुटला. शुभकार्याला अर्धवट रांगोळी! साडू हात धुवायला वळले, तसा मी चिमूट घेऊन बसलो आणि मधोमध रेघ ओढून दोन्ही कमानी झोकात जोडून टाकल्या.

मुलगा नेमका इंजिनिअर. दारातच थबकला. "आलेख सुंदर आहे, पण शून्यातून कुणी जोडला?"

मुलीनं माझ्या पांढऱ्या बोटांकडे पाहिलं. मी हात पाठीमागे नेले. जन्मभर कुणाची चूक खपवून न घेतलेले साडू पुढं झाले. "मीच हो. वय झालं, हात घसरला."

सगळे हसले. त्यांच्यावर. मीही हसलो.

होकार आला. जाताना साडू हळूच एवढंच म्हणाले, "पाव्हणं, कशाला जोडलं?"

साखरपुड्याच्या पंगतीत मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसलो. वरण वाढलं. त्यांचं बोट ताटापर्यंत गेलं, व्याह्यांकडे पाहून मागं आलं. मग मीच माझ्या वरणात उभी-आडवी रेघ मारली, दोन वाकड्या कमानी काढल्या, मधलं मोकळं ठेवलं आणि ताट त्यांच्याकडे सरकवलं.

"सांगा की सर. भाकर एक..."