यादीत नसलेली ओटी

पवनारात जाऊन जयवंताबाईंचं घर विचारलं, तर लोक आधी उलट विचारतात, "कोण, त्या बॅगावाल्या?" आणि मग बोट दाखवतात. आता खरं सांगायचं तर बाईंच्या घरात त्यांची म्हणावी अशी एकही बॅग नाही. लग्नातली पत्र्याची पेटी आहे, तीत दोन चांगली लुगडी आणि रेशनकार्ड. स्वतः त्या नागपूरच्या पुढं फारशा कधी गेलेल्या नाहीत. पण त्यांनी भरलेल्या बॅगा नेपाळला गेल्या, टांझानियाला गेल्या, मलावीला गेल्या. हे देश नेमके कुठं आहेत ते बाईंना विचारू नये. "विमान जाते न तिकडं? मंग झालं," एवढं उत्तर मिळतं आणि वर आपणच अडाणी ठरतो.

बाईंनी तेहतीस वर्षं एका मोठ्या दवाखान्यात मावशीची नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षं वाफेच्या खोलीत गेली. ऑपरेशनची हत्यारं, कापसाचे बोळे, कपडे, सगळं घडी घालून पाकिटात बंद करायचं काम बाईंचं, आणि मग ती पाकिटं तिथल्या मोठ्या यंत्रात वाफेवर जंतुमुक्त व्हायची. पाकिटाला सुईएवढं भोक दिसलं तरी त्या ते बाजूला फेकत. एकदा एका सर्जनसाहेबांनी घाईत फाटकं पाकीट उचललं, तर बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं होतं. साहेब चिडले, मग हसले, आणि पुढं त्यांच्याशी जरा जपूनच वागू लागले.

नोकरी संपल्यावर अशी बाई घरात बसेल कशी? वर्ध्याचे धनंजयराव त्यांना ओळखत होते. हे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेले फार्मासिस्ट. एखाद्या घरात रोगी बरा होतो, एखाद्या घरात जातो, आणि मागं न उघडलेल्या नळ्या, पिशव्या, पट्ट्या पडून राहतात. लोक ते सामान धनंजयरावांच्या पुढच्या खोलीत आणून देत. धनंजयराव तारखा तपासायचे, परदेशातल्या गरजू दवाखान्यांकडून पत्रं मागवायचे, आणि तिकडं निघालेल्या कुणाला तरी गाठून म्हणायचे, "तुमच्या सामानात सात किलो जागा आहे का हो?" पाच-सात माणसं, दोन कपाटं आणि धनंजयरावांचा कडक स्वभाव, एवढीच ती संस्था. नियम एकच होता आणि तो कपाटावर चिकटवलेला होता: यादीत आहे तेच बॅगेत, बॅगेत आहे तेच यादीत.

बॅग भरण्यात मात्र बाईंचा हात कोणी धरू शकत नव्हतं. नळ्यांची नाजूक पाकिटं त्या लहान मुलांच्या नव्याकोऱ्या लोकरी मोज्यांत सरकवत. मोजे यादीत असत, "मोजे, सहा जोड", असे. धनंजयरावांनी सुरुवातीला विचारलं होतं, की मोजेच का. तेव्हा बाईंनी सांगितलं, आणि त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

बाईंची मुलगी वर्षाली जन्मली तीच अरुंद श्वासनळी घेऊन. तीन महिन्यांची असताना डॉक्टरांनी तिच्या गळ्याला छेद देऊन श्वासासाठी नळी बसवली. तेवढी बारीक नळी तेव्हा इकडं मिळायची नाही. एक उंच परदेशी डॉक्टर वर्ध्यात आले होते, त्यांनी जवळच्या दोन दिल्या. पुढं पाच वर्षं दर सहा महिन्यांनी कुणा ना कुणा पाहुण्याच्या सामानातून वर्षालीच्या मापाची नळी येत राहिली, दरवेळी एका करड्या लोकरी मोज्यात गुंडाळलेली. कोण पाठवतं हे पाहुण्यांनाही धड माहीत नसायचं. डॉक्टर? त्यांची बायको? आणखी कोणी? पाचव्या वर्षी वर्षालीची नळी निघाली, मोजे यायचे थांबले, आणि बाईंचं "उपकार झाले" हे म्हणायचं राहून गेलं. ते चौतीस वर्षं त्यांच्या मनात अडकून बसलं होतं. वर्षालीचा आवाज तेवढा घोगरा राहिला. आज ती वर्धा आगारात कंडक्टर आहे आणि त्या घोगऱ्या आवाजात तिनं "केळझर, केळझर उतरा" म्हटलं, की झोपलेले सुद्धा धडपडून उठतात.

गेल्या उन्हाळ्यात मलावीहून निरोप आला. तिकडच्या एका लहानशा दवाखान्यात अंकिता नावाची आपल्या केळझरची नर्स आहे. तिच्याकडे चिसोमो नावाचा अडीच वर्षांचा मुलगा होता. गळ्यात नळी. ती नळी आता लहान पडत होती, आणि गळ्यामागं फीत बांधायचा तिचा एक कान तडकला होता. अंकिता ती चिकटपट्टीनं सांभाळत होती. "चार नंबरची पाहिजे," तिनं कळवलं होतं. "ही निसटली तर माझ्याजवळ दुसरी नाही."

चार नंबरच्या दोन नळ्या महिनाभर शोधून पुलगावच्या एका घरात सापडल्या. नेणाराही मिळाला. अल्लीपूरचा कुंदन हा कापसातून सरकी काढणाऱ्या जिनिंगच्या यंत्रांचा फिटर. तिकडच्या कापसाच्या हंगामात चार महिने मलावीला यंत्रं बसवायला जायचा. त्याच्यानंतर तिकडं जाणारं कोणी दिवाळीपर्यंत नव्हतं. म्हणजे गेली तर हीच बॅग, आणि ह्याच दोन नळ्या.

बॅग भरण्याच्या दिवशी धनंजयराव यादीची झेरॉक्स काढायला चौकात गेले. बाई एकट्याच होत्या. नळ्या मोज्यांत गेल्या, मोजे डब्यात गेले. आणि मग बाईंनी आपल्या पिशवीतून एक पुडकं काढलं. हिरवा खण, त्यात एक मूठ तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि खोबऱ्याची वाटी. चिसोमोच्या आईची ओटी! लेकरू आजारी, आई दूर देशातली, आणि तिच्याकडं नुसती प्लॅस्टिकची नळी पाठवायची? बाईंच्या मनाला ते पटेना. ज्यानं आपल्याला मोजे पाठवले त्याच्या हाती आपण काहीच ठेवू शकलो नाही, निदान हिची ओटी तरी रिकामी राहू नये. पुडकं त्यांनी टॉवेलाच्या घडीत सारलं. यादीत लिहायला सांगितलं असतं तर धनंजयरावांनी काय म्हटलं असतं, हे त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं धनंजयरावांच्या खोलीत चहा घेत होते. फोन वाजला. नागपूर विमानतळावरून कुंदन.

"धनंजयभाऊ, हे लोक बॅग उघडून राह्यले! आत खोबरं निघालं म्हनते. मले विचारलं बॅग कोनाची, मी म्हनलं मायी नोय, तर आता मलेच बसोलं. अर्ध्या घंट्यात विमान हाय!"

"खोबरं?" धनंजयराव म्हणाले. "कुंदन, यादीत खोबरं नाही."

"थेच तर म्हनून राह्यले ना थे! वाळलं खोबरं पेटते, थे विमानात चालत नाई. अन् यादीत एक वस्तू खोटी, तं बाकीचं काऊन खरं मानाव म्हनते. सगळे पाकिटं फाडून पाहतो म्हनते!"

धनंजयरावांनी बाईंकडे पाहिलं. बाईंचा कप बशीवर वाजला. त्यांना काही विचारावं लागलं नाही.

"बाई, काय केलं हो हे तुमी?"

पाकीट फाडलं, की नळी गेली. वाफेच्या खोलीत तेहतीस वर्षं घालवलेल्या बाईला हे कोणी सांगायला नको होतं. फाटक्या पाकिटातली नळी लेकराच्या गळ्यात घालता येत नाही, आणि तिथं अंकिताकडं ती पुन्हा जंतुमुक्त करायची सोय नाही. बाईंनी फोन ओढूनच घेतला.

"कुंदन, साहेबाले फोन दे."

पलीकडून एक जाड, थकलेला आवाज आला. "हाँ, बोलिए."

दवाखान्यात देशभरचे रोगी येत, म्हणून बाईंना हिंदी येत होती. कशी, ते आपण बोलू नये. "साहेब, खोबरा मैंने डाला. मेरी गलती. उस पोट्टे को कुछ मालूम नही. खोबरा फेक दो, तांदूळ फेक दो, खण फेक दो, मेरे को पोलिसठाणे में बुलाओ. लेकिन पाकीट मत फाडो."

"क्यों? अंदर क्या है?"

"वो तो दिखता है ना साहेब! मोजा काढो पहले. काढा? अब पाकीट की एक बाजू कागज है, दुसरी बाजू काच के सरीखी. उजेड के सामने पकडो. नली दिखेगी. नली पे चार नंबर दिखेगा. कोने में तारीख है. सब बिना फाडे दिखता है. तेहतीस साल हम यहीच काम किया. फाडा, तो उधर एक लेकरू का सास बंद होता है."

पलीकडं विमानाच्या सूचना ऐकू येत होत्या. धनंजयराव उभे राहिले, बसले, पुन्हा उभे राहिले. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी आवाज आला.

"चार नंबर. दोनों पर. ठीक है, नारियल यहीं रहेगा, बाकी सामान जाएगा." मग जरा थांबून, "माताजी, ये मोज़े किसलिए?"

"नली को धक्का नही लगना साहेब. और बाद में बच्चे के पाय में आ जाते."

फोन बंद झाला. धनंजयरावांनी बाईंना एक शब्दही बोलून दाखवला नाही, आणि तेच बाईंना जास्त लागलं. ते ओरडले असते तर त्यांनीही दोन शब्द सुनावले असते आणि प्रकरण मिटलं असतं. निघताना त्याच म्हणाल्या, "भाऊ, आता मी बॅगेले हात नाई लावत." धनंजयराव "नका लावू" म्हणाले नाहीत आणि "लावा"ही म्हणाले नाहीत.

चौथ्या दिवशी अंकिताचा रेकॉर्ड केलेला निरोप आला. वर्षालीनं ड्युटीवरून आल्या आल्या फोन आईच्या कानाला लावला. "मावशी, नळी बदलली," अंकिता म्हणत होती. "जुनीचा कान हातातच तुटून आला. अजून दोन दिवस गेले असते तर... ऐका." आणि मग श्वास. लहान मुलाचा, नळीतून येणारा, मोकळा, सूं सूं करणारा. बाईंनी तो आवाज पाच वर्षं आपल्या अंथरुणात ऐकला होता. त्यांनी तो सात वेळा लावायला सांगितला. आठव्यांदा वर्षाली म्हणाली, "माय, आता जेवू दे वो मले."

लेकरू वाचलं. पण बाई वर्ध्याला गेल्या नाहीत. धनंजयरावांनी दोनदा निरोप पाठवला, तरी नाही. आपल्या हौसेपायी लेकराचा जीव टांगणीला लागला होता, ही लाज त्यांना घराबाहेर पडू देईना. तिकडं धनंजयराव स्वतः बॅगा भरत होते. लहान मुलांचे लोकरी मोजे वर्ध्यात कुठल्या दुकानात मिळतात, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवाळीच्या आधी कुंदन परत आला आणि धनंजयरावांना घेऊन थेट पवनारला आला. वर्षालीची सुट्टी होती. कुंदननं एक घडी केलेलं कापड पुढं ठेवलं. पिवळ्या-निळ्या मोठ्या नक्षीचं, तिकडच्या बाया कमरेला गुंडाळतात तसलं.

"थ्या पोट्ट्याच्या मायनं देल्लं," तो म्हणाला. "मी पुन्हा गेलतो दवाखान्यात यंत्र बसवून झाल्यावर. पोट्टं पळून राह्यलं होतं, मावशी! पायात तुमचे मोजे. अन् थे तांदूळ... अंकितानं तिले सांगतलं, का आमच्याकडं मायले असे देतेत. तिनं राखून ठेवले. नळी बदलल्यावर पोट्ट्यानं पयल्यांदा नीट गिळलं न, तवा तिनं थेच शिजवून चारले. एक मूठ तांदूळ, पन पुरे दोन दिवस पुरोले म्हने."

ओटीचे तांदूळ आपल्याकडंही वाया जाऊ देत नाहीत, शिजवून घरातल्यांना वाढतात. हे चिसोमोच्या आईला कोणी सांगितलं नव्हतं.

जयवंताबाईंनी कापड उचललं आणि तोंडाला लावलं. मग वर्षालीकडं पाहत म्हणाल्या, "तुया नळ्या कोनं पाठोल्या, त्या बिचाऱ्याले कोनी सांगतलंच नसन वो. पोट्टी जगली, बोलते, बस थांबोते. त्याले काहीच समजलं नसन. अन् मले पाहा, मले सगळं सांगाले मानूस आला घरी." आणि त्या रडल्या, अगदी मोकळ्या रडल्या. वर्षाली त्यांच्या शेजारी येऊन बसली.

धनंजयराव उठले. त्यांनी खिशातून एक कागद काढून बाईंच्या हातात दिला. नव्या बॅगेची यादी होती. टांझानियाला जायची होती ती. बाईंनी चष्मा लावला. नळ्या, पट्ट्या, पिशव्या, मोजे सहा जोड. आणि सगळ्यात खाली, धनंजयरावांच्या हातानं, शाईच्या पेनानं: "तांदूळ, एक मूठ."

"तिकडच्या दवाखान्याले पत्र लिहून विचारलं. चालते म्हणाले," ते म्हणाले. "खोबरं मात्र मी मेल्यावरच."

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली, डोळे पुसले, आणि स्वयंपाकघरात जाऊन तांदळाच्या डब्याचं झाकण काढलं. मागून वर्षालीचा तो बसभर ऐकू जाणारा घोगरा आवाज आला, "माय, मूठ मोठी घेजो!"