मला मराठी येत नाही

आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या देशांत मी पाठीवर सॅक टाकून फिरले, ते किस्से माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना पाठ आहेत. तंबूशी चरायला आलेला पाणघोडा, वाळवंटात बंद पडलेली बस, माझा पासपोर्टवरचा फोटो बघून हसत सुटलेली सीमेवरची बाई. आणि तो मलेरियाचा किस्सा — ज्यात मी एका काकूंचा जीव वाचवते. आमच्या अंधेरीच्या ऑफिसात नवीन कुणी आलं की तो मला हमखास सांगायला लावतात.

त्या किस्स्यातलं एक मी कधीच सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. जिच्याशी मी अक्षरशः सगळं बोलते त्या मैत्रिणीलाही नाही. सांगायला बसले की मी हत्तींकडे वळते, लोक खूश होतात, आणि ते राहून जातं. आज नको राहायला.

मी मुलुंडची. पूर्वेला, नवघर रोडला घर. शाळा मराठी माध्यमाची, बाबा घरात इंग्रजी शब्द फार आले की वैतागायचे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते लागणार आहे.

एकतिसाव्या वर्षी नोकरी सोडली आणि निघाले. केप टाऊनपासून वर वर जायचं, बसने, जमेल तसं. विंडहुकच्या हॉस्टेलमध्ये लेना भेटली. जर्मन, माझ्याच वयाची, मोठ्याने हसणारी. आमचं जमलं. तिला मुलुंड म्हणजे काय ते माहीत नव्हतं, माझ्या आडनावाशी घेणंदेणं नव्हतं, आणि लग्नाचं तर तिने चुकूनही विचारलं नाही. मी फक्त निशा होते. मला हे इतकं आवडायला लागलं होतं — आपण नवीकोरी कुणीतरी आहोत, हे. तुला कधी झालंय असं?

झांबियात लिव्हिंगस्टनला पोचलो. तिथल्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात शिरले आणि दारातच थबकले. वास मेतकुटाचा होता. तिथला प्रसिद्ध धबधबा बघायला जगभरातून पोरं आलेली, कुणी पास्ता उकडतंय, कुणी अंडी फोडतंय, आणि मधोमध एक साठीच्या पुढच्या बाई. पंजाबी ड्रेस, पांढरे स्पोर्ट्स शूज, डोक्यावर कॅप, गळ्यात पासपोर्टची पिशवी. गुरगुट्या भातावर मेतकूट कालवत होत्या. माझ्या आत्या, मावश्या, आमच्या सोसायटीतल्या सगळ्या काकू जणू एकदम तिथे येऊन उभ्या राहिल्या.

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चेहरा असा उजळला!

"इंडियन?"

मी मान हलवली. लेना शेजारीच होती.

"महाराष्ट्र?"

"नहीं आंटी. इंदौर."

इंदूर कुठून आलं? जुन्या ऑफिसातली एक मुलगी तिथली होती, तेवढंच. मी तोवर इंदूर बघितलंही नव्हतं.

"अरे वा! मेरी बहन वहींच रहती है! फिर तो मराठी आती होगी थोड़ी-थोड़ी?"

"नहीं आंटी. मराठी नहीं आती मुझे."

झालं. एवढंच. एक वाक्य. मला वाटलं, दोन दिवसांत आम्ही पुढे जाऊ, या बाई आपल्या वाटेने जातील. त्यांच्या ताटातला भात बघून लेना नाक मुरडेल, मग 'ही तुमच्याकडची का' असं माझ्याकडे बघेल — अशी काहीतरी भीती होती. भीती म्हणण्याइतकंही मोठं नव्हतं ते. लाज होती.

आणि लेनाने काय केलं माहीत आहे? तो भात मागून खाल्ला. काकूंशेजारी बसून त्यांची सगळी चौकशी केली. सुनंदाकाकू, घाटकोपरच्या. सरकारी कचेरीतून निवृत्त. नवरा कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेला, त्याचं सगळं यांनीच केलं. तो गेल्यावर मुलगी, केतकी, म्हणाली, आई, आता चारधाम करून ये. काकू म्हणाल्या, मला हत्ती बघायचेत. त्या मलावीतल्या तळ्याकाठी राहून एकट्या इथवर आल्या होत्या. मोडक्या इंग्रजीत त्यांनी हे असं सांगितलं की लेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. तीच म्हणाली, आमच्याबरोबर चला, आम्ही बोट्स्वानाला निघालोय.

म्हणजे ज्या कारणासाठी मी खोटं बोलले ते कारणच नव्हतं. तेव्हाच हसून सांगता आलं असतं ना — काकू, गंमत केली हो. अजून वेळ होता. मी सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. उद्याला आणखी अवघड झालं.

तिघी बोट्स्वानातल्या माऊनला आलो. ओकावांगोच्या दलदलीत जायचं तर तिथूनच होड्या निघतात. वाटेत काकू माझ्याशी हिंदीत बोलायच्या आणि स्वतःशी मराठीत. "अगंबाई, केवढा हा!" म्हणायच्या, मग माझ्याकडे वळून, "बहुत बड़ा है ना?" मी म्हणायचे, हां आंटी.

आता नीट ऐक. माऊनच्या हॉस्टेलला दुपारी जेवणानंतर मी व्हरांड्यात पुस्तक घेऊन बसले होते. काकू शेजारच्या खुर्चीवर आल्या आणि इंदूरच्या बहिणीला फोन लावला. माझ्यापासून हातभर अंतरावर. मला कळत नाही म्हणून बिनधास्त बोलत होत्या.

"शैला, कुणाला बोलू नकोस हं. अंगात बारीक ताप आहे गं. तीन-चार दिवस झाले. गोळी घेतली की उतरतो, परत चढतो... नाही गं, त्या मलेरियाच्या गोळ्या मी केव्हाच बंद केल्या, सारखं मळमळायचं... केतकीला मुळीच सांगू नकोस. ती लगेच परत बोलावेल. उद्या होडीतून जायचंय, हत्ती अगदी जवळून दिसतात म्हणे. तेवढं बघते आणि मग दाखवते डॉक्टरला."

पलीकडचं ऐकून म्हणाल्या, "अगं, काळजी कसली? तुझ्या इंदूरची एक पोरगी आहे ना सोबत. मराठी येत नाही बिचारीला, पण गुणाची आहे."

मी पुस्तकाचं पान उलटलं.

त्या गावात इस्पितळ होतं. हॉस्टेलच्या भिंतीवर, आमच्या समोरच, पाटी होती — ताप आला तर लगेच तपासून घ्या. मला फक्त 'काकू' म्हणायचं होतं. किंवा तेही नाही, 'आंटी, आपकी तबीयत ठीक नहीं लगती' एवढं म्हणूनही चाललं असतं, मराठी न कबूल करता. ते माझ्या डोक्यातही आलं होतं. पण मग वाटलं, त्यांना संशय आला तर? हिला कसं कळलं, असं वाटलं तर? मी स्वतःची समजूत घातली — मोठ्या आहेत, बारीक ताप आहे, त्यांचं त्या बघतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडीने पाण्यापर्यंत, मग वीतभर उथळ पाण्यातून लांब काठीने ढकलायच्या अरुंद होड्या. बेटावर तंबू ठोकले. तिथून दवाखाना सोड, फोनही लागत नाही. संध्याकाळी पलीकडच्या काठाला हत्ती आले, पिल्लांसकट. काकू बघत होत्या, हात जोडून. त्यांचे हात थरथरत होते. लेनाला वाटलं, आनंदाने.

सकाळी त्या उठल्याच नाहीत. अंग भाजत होतं, डोळे उघडे पण ओळख नाही. होडीवाल्याने त्यांना उचलून होडीत झोपवलं. परतीला जवळजवळ दिवस गेला. मी ओला रुमाल कपाळावर ठेवत होते आणि त्या बरळत होत्या. सगळं मराठीत. आजारी माणूस दुसऱ्या कुठल्या भाषेत बरळणार?

माऊनच्या इस्पितळात नर्सने विचारलं, कधीपासून आजारी आहेत?

मी म्हटलं, आज सकाळपासून.

मग काकूंनी माझं मनगट पकडलं आणि स्पष्ट म्हणाल्या, "इथं मराठी बोलणारं कुणी आहे का हो? मला सांगायचंय." आणि भडाभडा सांगायला लागल्या — ताप किती दिवसांचा, कुठल्या गोळ्या बंद केल्या, सगळं. त्या शुद्धीवर नव्हत्या, तरी जे सांगायला हवं तेच सांगत होत्या. नर्स माझ्याकडे वळली. तुम्ही दोघी इंडियन ना? काय म्हणतायत त्या?

लेना माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, मला माहीत नाही. ती माझी भाषा नाही.

हे आहे ते. जे कधी सांगितलं नाही.

कारण आता मराठी येतं म्हणणं म्हणजे व्हरांड्यातलं सगळं ऐकलं होतं म्हणणं. माझ्या डोक्यात हा हिशेब त्या क्षणी लख्ख होता. घाबरून तोंडून गेलं असं मला म्हणता येत नाही. मी विचार केला आणि मग बोलले.

त्यांनी रक्त तपासलं, मलेरिया निघाला, औषध सुरू केलं. माझ्या उत्तराने तिथे किती फरक पडला ते मला माहीत नाही. व्हरांड्यात गप्प राहिले त्याबद्दल मात्र माहीत आहे. डॉक्टर लेनाला म्हणाले, बेटावर जायच्या आधी आणलं असतं तर या चालत घरी गेल्या असत्या. लेना रडली. तिला वाटलं, आग्रह करून आपणच घेऊन गेलो.

तिची मी समजूत काढली. तुझी काही चूक नाही म्हटलं. ते खरंच होतं.

काकूंना विमानाने मोठ्या शहरातल्या इस्पितळात हलवलं. लेनाचं परतीचं तिकीट होतं, ती गेली. मी राहिले, केतकी येईपर्यंत. रोज उशाशी बसायचे, पाणी पाजायचे, केस विंचरायचे. खोलीत आम्ही दोघीच असायचो. त्या मराठीत आईला हाका मारायच्या आणि मी हिंदीत म्हणायचे, सब ठीक हो जाएगा. एकदा तरी तोंडून 'काकू' निघायला हवं होतं की नाही? नाही निघालं.

केतकी आली, मला मिठी मारून रडली. त्या वाचल्या. डाव्या कानाने ऐकू येणं गेलं ते गेलंच, आणि तोल सावरत नाही म्हणून वॉकर लागला. पुढे पेरू देशाला जायचं त्यांच्या मनात होतं, ते सगळं संपलं.

मी मुलुंडला परत आले, नोकरी धरली. काकूंचे मेसेज येत राहिले, हिंदीत. संक्रांतीला, दिवाळीला. मुंबई आओ तो घर आना बेटा, खाना खाके जाना. मुलुंडमधल्या माझ्या खोलीत बसून मी लिहायचे, ज़रूर आंटी.

गेल्या वर्षी मेसेज आला — शैलाच्या मुलीचं लग्न आहे, इंदौर आ रही हूँ, मिलने आओगी ना?

मी घरी ऑफिसचं काम म्हणून सांगितलं आणि इंदूरचं विमान पकडलं. सांगायला गेले होते. खरंच. अख्ख्या प्रवासात एकच वाक्य मनात म्हणत होते — काकू, मी मुलुंडची आहे, मला मराठी येतं.

हॉलच्या कोपऱ्यात काकू सोफ्यावर बसल्या होत्या, वॉकर शेजारी. मला बघून दोन्ही हात पुढे केले. मी जवळ बसले तशी त्यांनी मान फिरवून चांगला कान माझ्याकडे केला. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी बहिणीला हाक मारली.

"शैला, इकडे ये! हीच ती. अगं, मी तिथे मराठीत बडबडत होते, या पोरीला एक अक्षर कळत नव्हतं, तरी माझा हात सोडला नाही हिने."

शैलामावशींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. आणखी बायका जमल्या. एक म्हातारी म्हणाली, "अगं, तिला हिंदीत सांग ना, तिला कसं कळणार आपण काय बोलतोय?"

मग काकूंनी ते सगळं पुन्हा मला हिंदीत सांगितलं. सावकाश, एकेक शब्द नीट लावून, मला समजावं म्हणून.

मी म्हटलं, "ऐसा मत कहिए, आंटी."

त्यांनी माझी ओटी भरली. नारळ, ब्लाउजपीस, मूठभर तांदूळ. मी ओढणी पसरून घेतली. जेवले, आग्रह झाला म्हणून श्रीखंड दोनदा घेतलं, आणि परतीच्या विमानात बसले.

मुंबईला उतरून टॅक्सी केली. मुलुंडला जायचं तर काकूंचं घाटकोपर वाटेतच लागतं. ड्रायव्हरने विचारलं, मॅडम, मराठी का? मी म्हटलं, हो. मग तो मुलुंडपर्यंत त्याच्या गावाकडच्या गोष्टी सांगत होता आणि मी उत्तरं देत होते.

या दिवाळीला काकूंचा मेसेज आला. मी हिंदीत उत्तर पाठवलं.