अब्बांनी करून घेतलेला नियम

जेद्दातल्या आमच्या भारतीय शाळेत पालकांच्या समितीची निवडणूक व्हायची. समितीत कायद्याची कामं अब्बांकडे होती. इमारतीचा करार, शिक्षकांचे इकामे म्हणजे राहण्याचे परवाने, कामगार कार्यालयातल्या खेपा. त्या वर्षी ते पुन्हा उभे राहिले.

नोकऱ्या सौदी तरुणांना द्यायचं धोरण जोरात होतं. अझीझिया वस्तीतली आमच्या ओळखीची घरं एकेक करून रिकामी होत होती. बायकामुलं कोकणात, पुरुष इथे खोली वाटून घेऊन. अब्बा प्रत्येकाला सांगत, "घाबरून मुलांना परत पाठवू नका. शाळा आपण टिकवू."

मी दहावीत होते, एकुलती. अकरावीला पुण्याला मावशीकडे जायचं जवळजवळ ठरलं होतं. प्रचार सुरू झाल्यापासून मात्र घरात तो विषय कुणी काढला नाही. मीही नाही.

एका शुक्रवारी जुम्म्यानंतर मंडळी जेवायला आली. जेवणं झाली तेव्हा मी चहाचा ट्रे बैठकीच्या दाराशी ठेवत होते. अब्बांचे जुने दोस्त, रत्नागिरीचे एक चाचा, बोलत होते.

"भाई, तुमचा नियम तुम्हालाच नडणार बघा."

पहिल्या खेपेला अब्बांनीच तो करून घेतला होता. ज्याचं मूल समितीची मुदत संपेपर्यंत शाळेत असेल, त्यानेच उभं राहायचं. समोरच्या उमेदवाराची मुलगी तेव्हा बारावीत होती.

"माझी मुलगी आहे ना शाळेत," अब्बा म्हणाले.

"आज आहे. पुण्याचं कानावर आलं म्हणून विचारतो. लोकांना थांबवायचं आणि आपलं पाखरू आधी सोडायचं?"

"राहू द्या हो चाचा," कुणीतरी म्हणालं, "भाभींची बिर्याणी तरी पचू द्या."

सगळे हसले.

संध्याकाळी अब्बा मला घेऊन तमीस, भट्टीतली मोठी रोटी, आणायला निघाले. भट्टीसमोर गाडी थांबवून म्हणाले, "अकरावी इथेच केलीस तर?"

त्यांनी खरोखर विचारलं होतं. हुकूम असता तर मी मान हलवून गप्प बसले असते. अवघड बोलणं मला इंग्रजीतच जमतं. खिडकीबाहेर बघत मी इंग्रजीत सांगितलं की मला जायचंय.

ते उतरले, गरम तमीस घेऊन आले आणि स्टिअरिंगमागे बसूनच चाचांना फोन लावला.

"मी नाव मागे घेतोय. नाही, तिने मागे घ्यायला नाही सांगितलं. नियम माझाच आहे, मोडू कसा? खलास."

मग कागद उलगडून त्यांनी तमीस तोडली. मोठा तुकडा माझ्या हातात दिला.

"खा. पुण्यात ही मिळायची नाही."